मिठातला कार्बुरेटर

पंचावन्न सालची दिवाळी सरली तेव्हा सहदेव ड्रायव्हरची विलायती मोटार तोंडवलीत माडाखाली दोन महिने नुसती उभी होती. तिचा कार्बुरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजणारं यंत्र, तडकला होता. सरकारने परदेशी मोटारींना दार लावलेलं, सुट्या भागांनाही परवाना लागे. देशी कारखाने उभे राहायला हवेत, कबूल. पण या मोटारीला देशी कार्बुरेटर बसेना, त्याचं काय? मुंबईला केलेला अर्ज दोनदा साभार परत आला.

अशात त्याची बायको आनंदी पोटदुखीने अंथरुणाला खिळली. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, पंधरवड्याच्या आत मिरजेला नेऊन ऑपरेशन करा, आणि न्यायची ती आडवी निजवूनच. एसटीत कुठून निजवणार? पंचक्रोशीत दुसरी मोटार नव्हती.

गोव्यात अजून फिरंग्यांचं राज्य. तिथे म्हापशाच्या दुकानात तो कार्बुरेटर भाजीसारखा मिळत होता, पण हद्द बंद. आनंदीची धाकटी बहीण गंगू मासे विकायची. ती जीव मुठीत धरून होडीने गेली आणि घेऊन आली. येताना पहारा दिसला म्हणून होडी आठ दिवस खाडीत लपून राहिली.

"खाऱ्या बांगड्यांच्या पिपात लपयलंय," ती सहदेवाला म्हणाली. "मिठात घातलेला काय्येक कुसत नाय, भावोजी!"

जन्मभर तिने मासे मिठातच टिकवले होते. धातूची गोष्ट तिला कोण सांगणार? सहदेवाने कार्बुरेटरला गुंडाळलेलं फडकं सोडलं तर आत सगळं पांढरं पडलेलं. मिठाने धातू पार खाल्ला होता.

"बरा केलंस गो," एवढंच तो म्हणाला. मग दोन दिवस घासत बसला. इंजिन एकदाही खोकलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने बैलगाडीत पेंढा अंथरून आनंदीला निजवलं. फोंड्याच्या घाटापर्यंत ती त्याचा हात घट्ट धरून होती. घाटात तो हात सुटला.

बाराव्याला गंगूने भरल्या घरात विचारलं, "भावोजी, मी वेळार आणलंय मां? मगे गाडी कित्याक सुरू होवक नाय?"

सहदेवाला हुंदका आवरेना. "तू वेळारच आणलंस गो. माकाच बसवूक जमाक नाय."

"एवढे मोठे डायवर तुमी, नि माझ्या भयणीक मारलात!" गंगूने हंबरडा फोडला.

ती तशीच उठली. त्या घराची पायरी ती पुन्हा कधी चढली नाही.