यांचे हात

धाकटी लेक तापातून उठली, तेव्हा देवाला सांगून मी सिनेमा बघणं सोडलं. एकेचाळीस वर्षं पाळलं. नेमका सोडलं त्याच वर्षी यांच्या हातांचा सिनेमा लागला.

हे कुलपं दुरुस्त करायचे. तिजोरी फोडण्याचा प्रसंग खरा वाटावा म्हणून सिनेमावाल्यांनी यांना नेलं. चेहरा नटाचा, हात यांचे. "एकदा चल, माझे हात बघ," असं हे किती वेळा म्हणाले असतील. मी म्हणायचे, "घरात रोज बघतेच की."

मागच्या वर्षी हे गेले. फोटो आहेत, पण प्रत्येकात हात पाठीमागे. तेलाचे डाग दिसायला नकोत म्हणून. अशात तो सिनेमा पुन्हा लागला. इतका खरा गुन्हेपट नंतर झाला नाही, असं पेपरात आलं होतं. सकाळचा जप उरकून देवापुढे नाक घासलं आणि धाकट्या दिरासोबत दुपारच्या खेळाला गेले. यांचं दुकान आता तेच बघतात.

खरा म्हणजे काय, तर सगळे अंधारात कुजबुजत सिगारेटी ओढत होते. दोन तासांत एकानेही दार नीट लावलं नाही. कुलूपवाल्याच्या बायकोला हे कसं पटावं?

"कंटाळलात, वहिनी?"

"हात कधी येणार?"

"येतील हो. पळून जायचे नाहीत."

आले. पडदाभर आले, काळ्या हातमोज्यांत. डाव्या हाताची वाकडी करंगळी शोधली, सापडली नाही. चोर बॅटरी लावून कुलपात डोकावत होता. हे तर डोळे मिटून घ्यायचे. बोटांना ऐकू येतं, म्हणायचे.

"भावजी, हे यांचेच?"

"दादाचेच. मोज्यांतून काही कळत नाही म्हणून भांडला होता तिथे. पण चोर ठसे ठेवत नाही म्हणे." मग हळूच म्हणाले, "तुम्हाला बोलला नाही कधी?"

"नाही."

"मला म्हणायचा, तिला मोज्यांतूनही ओळखू येतील."

उरलेला सिनेमा मी मान खाली घालून काढला.

घरी आलो तर कुलूप अडलं. हे करायचे तसे डोळे मिटून किल्ली हळूहळू फिरवली. बोटांना काही ऐकू आलं नाही. शेवटी भावजींनी किल्ली हातातून घेतली. दार उघडलं, तेव्हा दिवा लावायची वेळ टळून गेली होती.