रनचे सगळे अर्थ

बाबांनी जिन्यात मला विचारलं, "तुम्हाला कोण हवंय?" आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी सुटली.

मी त्यांची सख्खी मुलगी. "अहो बाबा, मी आहे," म्हटलं तर हसले. "गंमत केली गं. घाबरलीस होय?" घाबरले होतेच. बाबा गंमत करतात तेव्हा आधी त्यांचे डोळे हसतात. त्या दिवशी डोळे नुसते माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुलं त्यांना रनसर म्हणायची, कारण 'रन' या एका क्रियापदावर ते आठवडा काढायचे. पळणे, धावणे, दौडणे. मग दुकान चालवणे, नळ वाहणे, नाक गळणे, कपड्याचा रंग जाणे, निवडणुकीला उभं राहणे, आणि असे कितीतरी. सगळं एका ठेक्यात, टेबलावर बोटं आपटत. आम्हा भावंडांकडून तर ते जेवायच्या आधी घोकून घ्यायचे. पोटात कावळे ओरडत असले तरी आधी रन, मग ताट.

आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात आणि एकटंच राहायचं हा त्यांचा हट्ट. दादा रोज सकाळी त्यांना फोन करतो. "बाबा, रन म्हणा." ते घडाघडा म्हणतात. मग दादा मला कळवतो, "डोकं शाबूत आहे, काळजी नको." वर्षभर आमची ही घरगुती तपासणी चालली होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती सोयीची होती.

जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर मात्र मी भांडून डॉक्टरांची वेळ घेतली.

"तुला नसती खुळं सुचतात," दादा म्हणाला. "काही निघालं तर त्यांना त्या घरातून हलवावं लागेल. तू हलवणार आहेस?"

आईच्या मागे तेवढं एक घरच तर राहिलं होतं त्यांना. तरी मी वेळ रद्द केली नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, आवाज मऊ. "काका, आज वार कोणता?"

"निवृत्त माणसाला सगळे रविवारच."

"आणि सकाळी काय खाल्लंत?"

"वाढलं ते खाल्लं. मी अन्नाला नावं ठेवत नाही."

दादा हसला, डॉक्टरबाईही हसल्या. मला हसू येईना. त्या घरात वाढायला होतं कोण?

"बाबा, यांना रन म्हणून दाखवा," दादा फुशारकीने म्हणाला. बाबांची पाठ ताठ झाली. बोटं टेबलावर आपटू लागली. एकही अर्थ चुकला नाही, कुठे अडखळले नाहीत. डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. दादाने माझ्याकडे बघून मान उडवली, झालं समाधान, अशा अर्थी.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासून घ्यायला येणारी काही माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात आणि वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणतात. म्हणून आम्ही मधलंच एखादं अक्षर विचारतो. बाबांचं ऐकताना मला नेमकं तेच आठवलं. गप्प बसावं असं फार वाटलं. गप्प बसले असते तर आम्ही तिघं हसत घरी गेलो असतो.

"बाबा," मी म्हटलं, "नाक गळणे. त्याच्या आधी काय येतं?"

बोटं थांबली. "आधी?" त्यांनी दादाकडे पाहिलं. "पळणे, धावणे, दौडणे..."

"पहिल्यापासून नको. बरं, माझं नाक गळतंय, हे इंग्रजीत कसं सांगाल?"

"पळणे, धावणे..." आवाज बारीक झाला. "पळणे..."

"पुरे ना गं," दादा म्हणाला. त्याने माझं मनगट धरलं होतं आणि त्याचा हात गार पडला होता.

डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासण्या सांगितल्या. दादा खाली गाडी काढायला गेला. बाहेरच्या बाकावर बाबा माझ्याशेजारी बसले. आता आपल्यावर उखडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

"दादाचा फोन यायच्या आधी मी रोज म्हणून बघायचो," ते म्हणाले. "तो खूश व्हायचा. मग वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला."

"पण बाबा, आम्हाला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? अंधार पडला की झोपायची खोली कुठली ते सुचत नाही. दारं उघडून बघत बसतो." त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की नखं रुतली. "मला फार भीती वाटते गं त्या घरात."

जन्मात त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

तेवढ्यात दादा वर आला. "चला बाबा," तो उसन्या उत्साहाने म्हणाला, "जरा दमलात, एवढंच. तुम्हाला तुमच्या घरी सोडतो."

बाबा उठले नाहीत. त्यांनी माझा दंडही सोडला नाही.