ओइवाच्या वजनाची गाडी

पेन्शनीत परवडतील अशा दोनच जुन्या बर्फगाड्या टार्मोच्या अंगणात उभ्या होत्या, आणि ओइवाचं मन केव्हाच लाल गाडीवर जाऊन बसलं होतं. निमुळती, चकचकीत, आत्ता पळत सुटेल अशी. दुसरी पिवळी, रंग उडालेला, खालचा फिरता पट्टा रुंद, नाक बोथट. तिच्याकडे त्याने धड पाहिलंही नाही.

"काका, लाल म्हणजे नुसता वारा आहे," टार्मो म्हणाला. तो गाड्या दुरुस्त करून विकायचा आणि गिऱ्हाइकाची नजर बरोबर ओळखायचा. "बघता बघता सरोवराच्या पलीकडच्या काठावर."

"मासे काय पळून चाललेत?" ओइवाची बायको हिल्का म्हणाली.

ऑक्टोबरात ओइवाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून घरात बायकोचंच राज्य होतं. गोळ्या तिच्या हातात, मीठही तिच्याच हातात. उभा जन्म तो मार्चमध्ये गोठलेल्या इनारी सरोवरावर एकटा जायचा, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचा. यंदा हिल्काने बजावलं होतं, मी बरोबर येणार आणि गाडी मी निवडणार. मनासारखी मिळाली नाही, तर मासेमारी बंद. जुनी गाडी भंगारात गेलेली, त्यामुळे मान डोलावण्याखेरीज म्हाताऱ्याच्या हाती काही उरलं नव्हतं.

हिल्काने पिवळीच्या इंजिनावर हात ठेवला. "गरम आहे. आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलीस होय रे?"

टार्मो ओशाळला. "दोन्ही केल्या, काकू. थंडीत जरा कुरकुरतात."

"कुरकुरू देत. तिकडे सरोवरावर कोण गरम करून ठेवणार आहे? गार होईपर्यंत कॉफी पाज."

वेलचीच्या पावाबरोबर कॉफीची किटली रिकामी झाली. मग हिल्काने बाहेर येऊन लाल गाडीची इंजिन सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांद्यातून कळ आली तरी ओढतच राहिली. गाडी ढिम्म.

"सरक, मी ओढतो," ओइवा पुढे झाला.

"तू हात लावायचा नाहीस."

पिवळी गाडी मात्र खोकत, धूर ओकत चालू झाली. हिल्काने टार्मोला तिच्यामागे सामान न्यायची स्लेज जोडायला लावली आणि नवऱ्याकडे वळली. "स्लेजच्या शेजारी आडवा हो."

"काय?"

"बर्फात आडवा हो म्हटलं. आणि अंग सैल सोड. बेशुद्ध माणूस मदत करत नसतो."

टार्मो हसू दाबत शेडमध्ये पळाला. परक्याच्या अंगणात ओइवा आडवा झाला. लाजेने त्याची कानशिलं तापली होती. हिल्काने स्लेज कलती केली, त्याच्या कोटाला धरून, गुडघ्याने रेटून त्याला आत लोटलं आणि धापा टाकत स्लेज सरळ केली. मग गाडीवर बसून अंगणाला फेरा मारायला निघाली. पिवळी गाडी कण्हत का होईना, दोघांना ओढत होती.

ओइवाला आकाश तेवढं दिसत होतं. पहिल्या वळणापर्यंत तो मनातल्या मनात तिला शिव्या देत होता. दुसऱ्या वळणावर डोकं आपटलं आणि त्याच्या ध्यानात आलं की सरोवरावर कोसळलो तर हे असंच होणार आहे. आपण तिकडे खरोखरच कोसळू, हे अख्ख्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. हिल्काच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. इस्पितळातही वाटली नव्हती इतकी भीती त्याला आता वाटली.

हिल्का थांबली आणि त्याच्याजवळ आली.

"डोकं आपटलं का रे?"

"थोडंसं. खाली रेनडिअरचं कातडं टाकू."

"टाकू." ती स्लेजच्या कडेवर टेकली. "त्या दिवशी अँब्युलन्स येईपर्यंत मी तुला ओढत होते. लाकडांच्या ढिगापासून दारापर्यंतसुद्धा नेता आलं नाही. भर पावसात पडला होतास, आणि माझ्याच्याने तू जागचा हलला नाहीस."

हे तिने इतक्या महिन्यांत त्याला सांगितलं नव्हतं. ओइवाने तिचा हातमोजा घट्ट धरला.

"मग काका, कुठली ठरली?" टार्मोने शेडच्या दारातून विचारलं.

"पिवळी," ओइवा म्हणाला. मग पुन्हा पाठ टेकून बायकोला म्हणाला, "सरोवरावरून घरी येताना काठाला चढ आहे. अंगणापलीकडच्या त्या टेकाडावर चढवून बघ एकदा मला."