माझ्या घशातली अक्षता

मी सुरतेतल्या लिंबायतच्या खानदेशी मंडळातला जुना संगणक बोलतोय. हो, तोच, कपाटावर चढवलेला, डोक्यावर साडीचा तुकडा पांघरलेला. खाली माझ्या टेबलावर रंगीत पडद्याचा नवा आलाय. दोन हजार साल लागलं की माझं तारखेचं गणित चुकणार, असं सगळे म्हणतात. चुको बापडं! मी माणसं शोधून द्यायचो, तारखा नाही.

माझी पहिली नोकरी कापड बाजारात, एका साडीच्या व्यापाऱ्याकडे. दिवसभर साड्यांचे नंबर गिळायचे आणि विचारले की सांगायचे. त्याने नवा संगणक घेतला आणि मला मंडळाला देऊन टाकलं. मंडळाचे अध्यक्ष भाईदास मला गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन आले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी शिव्या घातल्या. तेव्हाच कळलं, इथे आपले लाड होणार.

इथलं काम मला फार आवडलं. सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेल्या आपल्या माणसांची नावं, गावं, पत्ते माझ्या पोटात होते. स्टेशनवरून पिशवी घेऊन कुणी यायचं, "आमच्या गावचा अमका कुठे राहतो?" विचारायचं. मंडळाचा कारकून, परभणीकडचा श्रीरंग, नाव टाइप करायचा आणि मी क्षणात पत्ता दाखवायचो. येणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटायचं की विचारू नका! पत्त्यांच्या जुन्या वह्या भाईदासांनी कधीच रद्दीत घातल्या होत्या, एवढा माझ्यावर भरवसा.

मी येण्याच्या आदल्या वर्षी प्लेगच्या भीतीने निम्मं लिंबायत गावी पळालं होतं. परत आलेल्यांना जुन्या खोल्या मिळाल्या नाहीत, कोण कुठे गेलं त्याचा पत्ता लागेना. त्यामुळे माझ्यापुढची रांग वाढतच गेली.

मग दसरा आला. लूमवाल्यांच्या घरात यंत्र म्हटलं की पूजा आलीच. सकाळी माग पुजले, मागावरचे धोटे पुजले आणि भाईदासांना माझी आठवण झाली. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि भक्तीच्या भरात मूठभर अक्षता थेट माझ्या कीबोर्डवर उधळल्या. मी सुखावलो. बाजारात मला कुणी पुजलं नव्हतं हो!

दुसऱ्या दिवसापासून मात्र माझी वाचा बसली. कुठलंही नाव टाका, मी एकच म्हणायचो, "आढळले नाही." भाईदासांनी चिडून स्वतःचं नाव टाकायला लावलं. तेही आढळलं नाही.

"म्हणजे मी सुरतेत नाहीच का?" ते ओरडले.

श्रीरंगने मला बंद केलं, चालू केलं. बाजारातला मेकॅनिक आला. पुस्तकाच्या शेवटी असते तशी नावांची सूची माझ्यात असते. ती बिघडली असेल म्हणून त्याने पुसली आणि नव्याने बांधली. तरी तेच. नावं पोटात ठणठणीत होती, सूचीही चोख होती. पण स्पेसच्या लांब बटणाखाली एक अक्षता अडकली होती. श्रीरंग नाव टाइप करायला लागला की आधी एक कोरी जागा आत घुसायची. कोरी जागा कुणाला दिसणार? कोऱ्या जागेने सुरू होणारं नाव माझ्याकडे एकही नव्हतं. मला सगळं कळत होतं, सांगता येत नव्हतं. त्या दिवसांइतकी लाज मला कधी वाटली नाही.

अशातच धुरपदाबाई आली. अमळनेरकडची. भावाला, लोटूला, शोधायला. त्याच्या जुन्या खोलीत दुसरेच लोक निघाले होते.

"भाऊ, मनी पोरनं लगीन शे," ती श्रीरंगला म्हणाली. "मामा नही तर तिना मांगे कोन उभा राही?"

श्रीरंगने नाव टाकलं. आढळले नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. संध्याकाळच्या गाडीने तिला परतायचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. आत लोटूचा पत्ता होता, सुरतेतल्याच नवागामचा, स्वच्छ लिहिलेला!

"मावशी, मी हा कीबोर्ड मेकॅनिककडे घेऊन जातो," श्रीरंग वैतागून म्हणाला, "पण आज काही सांगता येणार नाही."

ती पदराने डोळे पुसत उठली. श्रीरंगने कीबोर्ड उचलून काखेत उलटा धरला आणि झेंडूच्या पाकळ्या, अक्षता फरशीवर सांडल्या. धुरपदाबाई दारातून मागे फिरली, खाली वाकली.

"अय भाऊ, पाय नको देऊ! अक्षता शेतीस!"

तिने दाणे वेचून कपाळाला लावले. हे दाणे बटणांखालून पडले, हे श्रीरंगच्या ध्यानात आलं. मग धावत येऊन त्याने कीबोर्ड जोडला आणि नाव टाकलं. मी असा काही पत्ता दाखवला की बस्स!

त्याने स्वतः तिला रिक्षात घालून नवागामला नेलं. काम सुटलं होतं म्हणून लोटू तोंड लपवून बसला होता. रिकाम्या हाताने भाचीच्या लग्नाला कसं जायचं? धुरपदाबाई त्याला म्हणाली म्हणे, "तू ये, आहेर मी दिसू." म्हणजे मामाचा आहेरही तीच देणार!

तुळशीचं लग्न झाल्यावर तिच्या पोरीचं, धनश्रीचं, लग्न लागलं. मामा मागे उभा राहिला. माझ्यातून निघालेल्या अक्षता धुरपदाबाईने पदरात बांधून नेल्या होत्या, त्या मांडवातल्या अक्षतांत मिसळल्या. नंतर नवरा-नवरीला घेऊन लोटू मंडळात आला, मला पेढा दाखवला. मला वाहायला अक्षतांची वाटी पुढे आली तेव्हा मात्र श्रीरंगने तिच्यावर हातच ठेवला. सगळे पोट धरून हसले.

आता मला कोण विचारतो? उद्या भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, मला न्यायच्या आधी कीबोर्ड झटकू नका. कोपऱ्यातल्या बटणाखाली अजून एक दाणा आहे. तो कुणाच्या आड येत नाही. एवढा आहेर माझ्यासोबत येऊ द्या.