माझ्या घराला दार कुणी लावले?

मित्रांनो, मी एक जुने मुखपृष्ठ आहे. छापलेले नव्हे, हाताने रंगवलेले मूळ चित्र. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शनिशिंगणापुरात कल्याणने मला पोस्टर कलरने रंगवले. समोर बसवली होती त्याने आपली आई, गोजरबाई. ती उंबऱ्यावर पणती ठेवते आहे, मागे तिच्या घराची चौकट आहे, आणि चौकटीला दार नाही. आतली मडक्यांची उतरंड सरळ दिसते. या गावात घराला दार लावायचे म्हणजे शनिदेवाच्या राखणीवर अविश्वास दाखवायचा. कोपऱ्यात कल्याणची बारीकशी सही.

नगरच्या एका दिवाळी अंकावर मी छापून आलो. लोकांनी अंक वाचला की नाही कोण जाणे, पण माझी छापील प्रत कापून सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत भिंतीला चिकटवले. संपादक श्रीमंतराव मला "आमच्या अंकाचा चेहरा" म्हणत. मी मूळ चित्र मात्र त्यांच्या कचेरीतच राहिलो, आणि पुढे याच चेहऱ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. माझ्यावरचा गोल डाग त्यांचाच. तेही मी सोसले.

यंदा मला पुन्हा छापायचे ठरले. श्रीमंतरावांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "अरेच्चा, दार रंगवायचं राहूनच गेलंय की! बसवून टाका."

झाले! संगणकावर माझ्या नव्या प्रतीतल्या चौकटीत दार बसले, त्याला पितळी कडीसुद्धा. सहीच्या जागी सराफाची जाहिरात आली. कल्याणला विचारायची तसदी कोणी घेतली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कागदाला तोंड कुठे?

तोंड गोजरबाईला होते. अंक गावात पोचला आणि ती लेकाला घेऊन थेट कचेरीत आली. मी तिथेच टेबलावर पडलो होतो.

"माझ्या घराला दार कुनी लावलं?" तिने अंक आपटला. "बाया इचारत्यात, गोजरे, देवावरला इस्वास उडाला का?"

"आजी, चित्रच आहे ते. एवढंसं दार," श्रीमंतराव हसले.

"ज्यानं माझं घर पाह्यलं न्हाई, त्यानं काय समजायचं? म्हातारी भ्याली म्हनायचं?"

श्रीमंतरावांचे हसू मावळले. कल्याण एरवी अबोल माणूस. तो एवढेच म्हणाला, "चूक वाटली हुती तर एक फोन करायचा, सर. आमचं चित्र आमाला द्या." आणि त्याने मला उचलले.

आता मी गोजरबाईच्या घरात भिंतीवर आहे. मित्रांनो, चित्र जपायचे म्हणजे नुसती धूळ पुसायची नाही. चित्रकाराने जे मुद्दाम काढले नाही, तेही जपायचे असते, आणि त्याचे नावही. त्या कचेरीच्या शटरला कुलूप होते, कपाटाला वेगळे कुलूप होते, तरी कल्याणचे नाव तिथे दिवसाढवळ्या चोरीला गेले. इथे दारच नाही. येणारा-जाणारा सरळ आत येतो, सही वाचतो, आणि ती जागच्या जागी राहते.