फुकटच्या हत्तीचा हिशेब

मी एक जुना सागवानी गल्ला आहे. आर्णीच्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर माझी चाळीसेक वर्षं गेली. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मी आणणार नाही. मला राग आला आहे. रागावलेल्या गल्ल्यानं रडू नये, हिशेब सांगावा.

माझं लाकूड घाटंजीकडच्या जंगलातलं. सुतारानं मला नोटांसाठी चार कप्पे केले, नाण्यांसाठी वाट्या कोरल्या आणि ड्रॉवर ओढला की वाजेल अशी पितळी घंटी बसवली. दुकानाचे मालक विठ्ठलराव त्याला म्हणाले, "घंटी कायले? चोराले सांगाले का?"

"नाही मालक," सुतार म्हणाला. "गिऱ्हाइकाले सांगाले, का त्याचे पैसे कुठं गेले."

तेव्हापासून मी माणसं पाहत आलो. तोंडं पाहायची मला गरज पडली नाही, नोटा पुरेशा होत्या. थुंकी लावून मोजणारा वेगळा. पाठ फिरवून कमरेची पिशवी सोडणारा वेगळा. भाव विचारून बाहेर जाणारा, चहा पिऊन परत तोच भाव विचारणारा, जणू मधल्या वेळात तो उतरला असेल. बायांच्या नोटा घामानं ओल्या असायच्या, आणि त्यांत सहसा फाटकी नोट नसायची. फाटकी नोट घडीत लपवून द्यायची कला मी जास्त करून पांढऱ्या शर्टांत पाहिली. विठ्ठलराव ती ओळखायचे आणि हसून परत करायचे. "गल्ला इमानदार हाय," गावोगावचे लोक म्हणायचे. खरं तर इमानदार विठ्ठलराव होते, पण कौतुक मी ठेवून घेतलं.

विठ्ठलराव गेले आणि काउंटरवर त्यांचा मुलगा इंद्रजीत आला. त्याच्याबरोबर एक लहानसा बोलका डबा आला. लोक मोबाइल दाखवतात, डबा मोठ्यानं रक्कम सांगतो, आणि पैसे थेट इंद्रजीतच्या खात्यात पडतात. तो डबा ठेवला कुठं, तर माझ्या डोक्यावर. माझ्या नोटांच्या कप्प्यांत रबरबँड, चॉकलेटं आणि इन्व्हर्टरची वॉरंटी आली. तरी हे मी सहन केलं. म्हातारपण सगळ्यांनाच येतं.

मग मागच्या उन्हाळ्यात कंपनीचा माणूस आला.

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बी-बियाण्याचं दुकान नसेल त्यांना हे सांगायला हवं. औषधं-टॉनिक बनवणाऱ्या काही कंपन्या दुकानदाराला टार्गेट देतात. एवढा माल विकला तर मिक्सर, एवढा विकला तर मोटारसायकल, आणि त्याहून जास्त विकला तर परदेशवारी. या वेळच्या कार्डावर सोनेरी गवत होतं आणि गवतात हत्तींचा कळप. आफ्रिका, केनिया, सहा दिवस. विक्रीचा एक टप्पा, म्हणजे स्लॅब, गाठला तर एक सीट. त्याच्या वरचा गाठला तर दोन.

"दोन म्हणजे वहिनीसुद्धा," कंपनीचा माणूस म्हणाला.

वहिनी म्हणजे निकिता, इंद्रजीतची बायको. इंद्रजीत दिवसभर हिंडतो, दुकान तीच चालवते. तिनं कार्ड हातात घेतलं आणि हत्तींवरून बोट फिरवलं.

"मी एकच हत्ती पाह्यला," ती म्हणाली. "आपल्याच दुकानापुढं. माहुतानं सोंड पुढं करवली आणि म्या याच गल्ल्यातून धा रुपये देल्ले. मले असा हत्ती पाह्यचा हाय जो कोणाले काही मांगत नाही."

इंद्रजीत हसला. "पाह्यजो. सारं फुकट हाय."

फुकट हा शब्द ऐकला की माझी घंटी आतल्या आत वाजते. चाळीस वर्षांत माझ्यासमोर एकही वस्तू फुकट गेली नाही. कोणाच्या तरी कप्प्यातून ती कमी झालीच.

त्याच दिवशी इंद्रजीतनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बजेट मांडलं. माझ्याच पाठीवर मांडलं, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. पासपोर्ट तत्काळमध्ये. पिवळ्या तापाची लस. व्हिसा. मुंबईपर्यंत जाणं, तिथलं एक रात्र हॉटेल. खाकी जॅकेट. टोपी, दोरीवाली. दुर्बीण. कॅमेरा भाड्यानं, की लेन्स विकत, पुढं प्रश्नचिन्ह. ड्रायव्हरला बक्षीस, डॉलरमध्ये. चिवडा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सासुरवाडीला भेटवस्तू, शंभरात बसणाऱ्या. फुकटची सहल दोघांना पंच्याण्णव हजारांना पडत होती, आणि त्यात सीटचा एक रुपया नव्हता.

निकितानं एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं फक्त तिचं नाव होतं आणि पुढं रेघ.

"माह्या सीटचं काय?"

"ते टॉनिकातून निघते," इंद्रजीत म्हणाला.

ते कसं निघतं, हे पेरण्या झाल्यावर कळलं. पराठी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी झाली आणि युरियाची टंचाई आली. दुकानापुढं रांग लागली. इंद्रजीतनं नियम काढला, दोन पोती युरियामागं एक हिरवी बाटली. बाटली चारशे ऐंशीची. नको असेल तर युरिया संपला.

"हे कायच्यासाठी व्हय, भाऊ?" रांगेतलं कोणीतरी विचारायचं.

"वाढीसाठी," इंद्रजीत सांगायचा. कोणाच्या वाढीसाठी, ते कोणी विचारलं नाही.

माझ्या डोक्यावरचा डबा दिवसभर ओरडत होता. मी जवळजवळ रिकामा. पण लाकूड रिकामं असलं तरी ऐकतं. ज्यांना त्या पाण्यासारख्या औषधाची गरज नव्हती ते लोक हत्ती पाहायच्या सीटचे पैसे भरत होते, आणि भरून वर धन्यवाद म्हणून जात होते, कारण पोतं मिळालं होतं. निकिता बाटल्या कागदात गुंडाळून देत होती. "घ्या काका, चांगली हाय." तिला ठाऊक होतं. मी तिच्यावरही रागावलो. ती हसतमुख आहे, मापात खोट करत नाही, सगळं खरं. पण त्या महिन्यात तिनं नवे स्पोर्ट्‌स शूज घेतले आणि खोक्यातून काढून काउंटरमागे घालून पाहत होती, तेव्हा समोरची रांग तिला दिसत नव्हती, असं कसं म्हणू?

मग एक दिवस मानीबाई आली.

मानीबाई जवळच्या तांड्यावरची. विठ्ठलरावांच्या काळापासूनची गिऱ्हाईक. बंजारा बाईचा आवाज दुकानाच्या दोन दुकानं आधी येतो, तसा तिचा आला. त्या दिवशी इंद्रजीत लस घ्यायला नागपूरला गेला होता. मानीबाईनं पिशवीतून चार हिरव्या बाटल्या काढल्या आणि ओळीनं काउंटरवर मांडल्या. एकीचंही सील तुटलं नव्हतं.

"हे काय व्हय, निकिताबाई?"

"टॉनिक हाय, मावशी. पराठीवर मारा."

"पराठीनं मांगलं होतं का?"

निकितानं एक बाटली उचलून सील पाहिलं.

"म्या युरिया मांगतला. हे तुम्ही मांगतलं. इंदरजीत कुठं गेला?"

"नागपूरले. सुई घ्याले."

"काय झालं बाप्पा त्याले?"

"काही नाही. आफ्रिकेले जाऊन राह्यलो आम्ही. त्याच्या आंधी घ्या लागते."

"तिकडं काय हाय?"

"जनावरं. जंगलातली. पाह्याले."

मानीबाई इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. "आमच्या वावरात रोही येते, रानडुक्कर येते, दोन सालाआंधी अस्वल आलतं. इंदरजीतले म्हणा, ये. खाटेवर निजवतो, भाकर देतो. टिकिट घेत नाही. सकाळी पराठी किती खाल्ली ते मातर त्यानं मोजाव."

निकिताही हसली. मग हळूच म्हणाली, "हत्ती तर नाही येत ना, मावशी."

मानीबाईचं हसणं थांबलं.

"हत्ती पाह्यचा तर पाह्य की, माय. तुह्या डोळ्याले कोणी बांधलं? पण माह्या पैशानं काहून पाह्यतं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती बियाण्याच्या पाकिटांकडे बघू लागली. निकितानं आधी मोबाइल उचलला. मग खाली ठेवला. डब्याचं खातं इंद्रजीतचं. त्यातून पैसे परत करायचे तर त्याच्याच फोनवरून. आणि तो काय म्हणाला असता हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मानीबाईलाही.

मग तिनं माझ्या डोक्यावरचा डबा बाजूला केला आणि मला ओढलं.

घंटी वाजली. किती दिवसांनी वाजली ते मी मोजलं नाही. रबरबँडांच्या खाली थोडी रोकड होती, शंभराच्या, पन्नासच्या, विसाच्या नोटा. तिनं एक हजार नऊशे वीस रुपये मोजून मानीबाईच्या हातात दिले. मानीबाईनं पुन्हा मोजले.

"उपकार नाही केले तुनं," ती जाता जाता म्हणाली. "माह्येच होते."

तांड्यावर बातमी जायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन लोक आले. तिसऱ्या दिवशी इतर गावांतले. निकितानं सगळ्यांचे पैसे दिले, पण सील तुटलेल्या बाटलीचे नाही दिले. तिथं ती इंद्रजीतची बायको राहिली. रोकड संपत आली तेव्हा तिनं डब्याची पिन काढली आणि येईल त्याला सांगू लागली, "मशीन बंद हाय. नगदी असंल तर द्या." सकाळी युरियाचे पैसे माझ्यात यायचे, दुपारी बाटल्यांचे पैसे माझ्यातून जायचे. ती धडधडीत खोटं बोलत होती आणि मी इतका खूश होतो की मला लाज वाटायला हवी होती.

इंद्रजीतला कळलं ते कंपनीचा माणूस माल मोजायला आला तेव्हा. गोदामात हिरव्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत गेले होते. परत आलेला माल विक्रीतून वजा होतो. दुसरा स्लॅब गेला.

माणूस निघून गेल्यावर इंद्रजीतनं गोदामाचं दार लावलं. मग म्हणाला, "दोन सीटा होत्या. आता एकच उरली."

"मंग तुम्ही जा."

"तुही सीट तूच वाटून टाकली, समजलं का तुले?"

"माहीच होती ना? मंग वाटली."

"दुसरी विकत घ्यायची म्हटलं तर दोन लाख साठ हजार." त्यानं कॅलेंडरचं पान काढलं. जॅकेटच्या ओळीला हात लावला नाही. लेन्सपुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि आकडा लिहिला. निकिताच्या नावावर रेघ मारली. "पुढच्या साली जाऊ आपण."

मित्रांनो, 'पुढच्या साली' ही नोट मी चाळीस वर्षं पाहतो आहे. ती कोणत्याच कप्प्यात बसत नाही, कारण ती कधी येतच नाही.

जाण्याआधी त्यानं आणखी एक काम केलं. "दुकानात नगदी नको," म्हणाला आणि मला हमालाकडून उचलून गोदामात टाकलं, त्याच बाटल्यांच्या खोक्यांशेजारी. माझ्यावर औषधाचा वास चढला. तो आफ्रिकेला गेला, सहा दिवस राहिला, आला. काउंटरवर बसून प्रत्येकाला सिंहाची गोष्ट सांगत होता, भिंतीपलीकडून मला ऐकू यायची. प्रत्येक वेळी सिंह थोडा जवळ यायचा. आणि शेवटी वाक्य ठरलेलं असायचं, "आणि सारं फुकट, हो."

फुकट. ज्यांनी बाटलीचं झाकण उघडलं त्यांचे पैसे त्याच्या खाकी जॅकेटात आहेत. जॅकेट खुंटीला आहे. माझ्या लाकडाला जबडा असता तर मी ते चावलं असतं.

या वर्षी पुन्हा युरियाची गाडी आली. रांग लागली, आणि इंद्रजीतचा आवाज आला, "दोन पोत्यांमागं एक." गोदामाचं दार उघडलं. निकिता आत आली आणि मला धरून ओढू लागली. मी सागवानी आहे, एकटीनं हलणारा नव्हे. तिनं दारातून रांगेकडे पाहिलं आणि हाक मारली, "मावशी, जरा हात लावा."

मानीबाईनं पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. "बाप्पा, रिकामा असून किती वजनी हाय हा," ती म्हणाली. "भरला असता त मेलोच असतो."

सगळ्या रांगेदेखत दोघींनी मला काउंटरवर आणून ठेवलं, इंद्रजीतच्या समोर.

"हे कायले आणलं?" त्यानं विचारलं.

"बाटल्या वापस येतीन," निकिता म्हणाली. "तवा लागंल."

रांगेत कोणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडे पाहत होते. इंद्रजीत पहिल्या माणसाला म्हणाला, "किती पोते पाह्यजे?" आणि बाटली काढली नाही.

निकितानं हत्तींचा कळप अजून पाहिलेला नाही. तो पाहायला मिळेल असं मला वाटत नाही, आणि त्याचाही मला राग आहे. तिच्या हातून चांगलं झालं म्हणून तिचं नुकसान भरून निघालं, असं कोणी सांगितलं तर त्याला खोटारडा म्हणा.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला पॉलिश नको, झेंडूचं फूल नको, लक्ष्मीपूजनाची हळदसुद्धा नको. तुमच्या घरात, दुकानात, पैसा घेणारं एखादं यंत्र असेल तर असू द्या. पण जो रोज काउंटरवर बसतो, त्याच्या स्वतःच्या हातानं उघडेल असा एक ड्रॉवर त्याच्याजवळ ठेवा. घ्यायला शंभर रस्ते असतात. परत द्यायला माणसाला एक तरी ठेवावा.