बादशहाची काच

"बादशहा कुठं आहेत?" हेडमास्तरांनी दारातूनच विचारलं.

"कपाटात. कापसात गुंडाळून ठेवलेत," नवल मास्तर स्टुलावरून म्हणाले.

"तडा वगैरे?"

"नाही. सकाळीच पाहिलं. मिशीपर्यंत व्यवस्थित आहेत."

हेडमास्तर आत आले, कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा बाहेर गेले. गेल्या तासाभरातली ही त्यांची पाचवी खेप होती. नवल मास्तर खिडकीवर गोणपाट ठोकत होते आणि दर दोन ठोक्यांमागे एक शिंक देत होते.

सन बत्तीसचा मार्च महिना. मास्तर तयार करणारा नंदुरबारचा तो ट्रेनिंग क्लास. दुपारच्या गाडीने धुळ्याहून शाळा तपासणारे डेप्युटी साहेब येणार होते, आणि कंदिलावरचा पाठ बघणार होते. कंदील म्हणजे साधा नव्हे. पितळी नळकांड्याचा, पुढे भिंग लावलेला, आत दिवा पेटवून काचेवरचं चित्र पडद्यावर दाखवणारा. त्याला अंधार लागतो. सरकारने कंदील दिला होता, अंधार दिला नव्हता. तो इंदरमल शेठच्या मिरचीच्या वखारीतून रिकाम्या गोण्यांच्या रूपाने उसना आणावा लागला. पडद्याला मांजरपाटाचं थानही शेठनेच दिलं होतं.

"मास्तरसाब, कपडा में खीलो मत ठोकजो," त्याने दोनदा बजावलं होतं. "काल पाछो बेचणो है." त्याला ते उद्या परत विकायचं होतं.

नवल मास्तरांची नोकरी तीस वर्षांची. पहिली सहा वर्षं अक्राणीच्या डोंगरात. तिथे मुलांना मास्तरांची भाषा कळत नसे आणि मास्तरांना मुलांची, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तक्रार अशी कधी आली नाही. मग हिवतापाने पिवळे होऊन ते सपाटीवर आले, प्रकाशा गावी राहिले, तिथून या क्लासात. या तीस वर्षांत त्यांना कोणी कशात तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी मुंबईहून रेल्वेने एक खोकं आलं. ते सोडवायला स्टेशनवर कोण जाणार, तर नवल मास्तर. पावतीवर सही कोणाची, तर नवल मास्तरांची. त्याच दिवसापासून कंदिलाचे तज्ज्ञ तेच ठरले. गावात लोक त्यांना कंदीलमास्तर म्हणू लागले, आणि धनुबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यासाठी त्यांना एक नवा कोट शिवायला लावला.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. हेडमास्तरांनी तिचा अर्थ सांगितला: चित्राची काच कंदिलात उलटी घालायची, डोकं खाली, पाय वर, भिंगातून गेली की पडद्यावर ती सरळ होते. एवढ्यात वरून दुसरा कागद आला. कंदिलाचा प्रत्येक पाठ बादशहांच्या चित्राने सुरू करावा. हेडमास्तरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि घाम पुसला.

"म्हणजे एकोणीस उमेदवारांनी रोज बादशहांना डोक्यावर उभं करायचं? आणि खिडकीतून कोणी पाहिलं म्हणजे?"

तेव्हा ठरलं की बादशहा सरळ घालायचे. पण एक काच सरळ आणि बाकीच्या अकरा उलट्या म्हटलं तर विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. म्हणून सगळ्याच सरळ. नवल मास्तरांनी टिपण लिहून दिलं: 'काच नेहमी सरळ व आदराने बसवावी.'

यातून पडद्यावर काय उमटतं हे कोणाला कळायचं कारण नव्हतं, कारण कंदील कधी पेटलाच नाही. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी रजिस्टरात लिहून ठेवलं होतं, 'भिंग विलायती असून तडकल्यास पेटवणारा जबाबदार राहील.' त्यानंतर कोण पेटवतो? नवल मास्तर कोरडाच शिकवत. उमेदवार काडी ओढल्यासारखं करी, वात वर केल्यासारखं करी, काच आदराने आत सरकवी. नवल मास्तर भिंतीकडे बोट दाखवून म्हणत, "आता भिंतीवर बंदर दिसतं आहे असं समजा." वर्ग समजे. काही हुशार उमेदवार मान डोलावून कौतुकही करत. सात वर्षांत असे एकशे तेहतीस मास्तर पास होऊन खेड्यापाड्यांत गेले. तिथे कंदील नव्हताच, तेव्हा शिक्षणात काही उणं राहिलं असं कुठूनही कळलं नाही.

आणि आता साहेबांचं पत्र आलं होतं. कंदील पेटवून पाठ दाखवावा, आणि तो स्त्री-उमेदवाराने द्यावा.

स्त्री-उमेदवार क्लासात एकच होती. गजराबाई, प्रकाशाची, तेवीस वर्षांची, विधवा. सासरा दोधू पाटील मोठा बागायतदार. त्याने सुनेला शिकायला एक वर्ष दिलं होतं, तेही गावात मुलींची शाळा निघणार आणि तिथली मास्तरीण घरचीच असणार या हिशोबाने. आजचा पाठ उतरला तर ती शाळा तिची. नाही उतरला तर उरलेला जन्म माजघरात, आणि पुन्हा पाटी हातात नाही. हे तिला माहीत होतं, नवल मास्तरांना माहीत होतं, आणि तिला बिचकून बसणाऱ्या अठरा पुरुष उमेदवारांनाही माहीत होतं.

ती ओसरीत टिपणाची वही घेऊन बसली होती. नवल मास्तर तिच्यासमोरून चौथ्यांदा गेले तेव्हा तिने मान वर केली.

"गुरुजी, तुम्ही बठा बरं जराखा. तुमले दखीसन मन्हा जीव घाबरी ऱ्हायना."

"घाबरू नको, माय," नवल मास्तर न बसताच म्हणाले. "सात वरीसमा मन्हा एक बी इद्यार्थी नापास नही."

"ते खरं शे," गजराबाई म्हणाली. "पण सात वरीसमा कंदील बी पेटना नही."

नवल मास्तर विहिरीवर गेले आणि हात धुतले. हात आधीच स्वच्छ होते. सकाळी घरी भाकर ताटात तशीच राहिली होती. धनुबाईने विचारलं होतं, "पोटमा दुखस का?" ते म्हणाले होते, "आज कंदील पेटाडाना शे." ती म्हणाली होती, "मंग? कंदील पेटाडाकरताच ऱ्हास." तिच्या बोलण्यात खोट काढायला त्यांनी रस्ताभर जागा शोधली होती आणि ती सापडली नव्हती.

ते हेडमास्तरांकडे गेले. "साहेब, त्या पुस्तिकेत काच उलटी घाला असं होतं ना?"

हेडमास्तरांनी दार लावलं. "सात वर्षांनी आठवलं?"

"एकदा पेटवून पाहू या का? आत्ता?"

"आणि भिंग तडकलं तर साहेबांना काय दाखवू? तुमची टिपणं?"

"मग बाईला सांगतो, उलटी घाल म्हणून."

"नवल मास्तर, साहेब आधी काय बघणार? काच घालताना बघणार. गावात रोज सकाळी प्रभातफेरी निघते आहे. परवा चार पोरं धरून नेली. अशात एका बाईने साहेबांच्या डोळ्यांदेखत बादशहांचं डोकं खाली केलं, तर पुढे पडद्यावर काय दिसतं ते बघायला आपण या खोलीत नसू." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "कदाचित सरळही पडेल. विलायती वस्तू आहे. बादशहांना ओळखत असेल."

नवल मास्तर बाहेर आले. गजराबाईला सांगायचं म्हणून ओसरीपर्यंत गेले आणि तिची वही पाहिली. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, खाली रेघ ओढून, त्यांचंच वाक्य होतं. ते तसेच स्टेशनवर गेले. गाडीला अजून दीड तास होता.

साहेब बारीक अंगाचे, चष्म्याचे, घड्याळ हातात धरून चालणारे निघाले. क्लासाला जोडलेल्या सरावशाळेची तीस मुलं मांडी घालून बसली. अठरा उमेदवार भिंतीला लागून उभे राहिले. साहेबांना खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली. दार लागलं, गोणपाटं सोडली आणि अंधार पडला. उन्हाने तापलेल्या गोण्यांतून मिरचीची पूड सावकाश खाली उतरू लागली. पहिली शिंक साहेबांनी दिली. मग इतरांनीही देऊन घेतल्या.

गजराबाईने कंदील पेटवला. त्या खोलीत हे काम सफाईने करू शकणारं माणूस तीच एक होती. बाकीच्यांच्या घरी दिवे बायका लावत. वात सारखी केली, झाकण लावलं, बादशहांची काच दोन्ही हातांनी उचलून सरळ व आदराने आत बसवली, आणि भिंगाचं टोपण काढलं.

बादशहा आले. मुकुट जमिनीकडे, बूट आढ्याकडे, पदकं हनुवटीकडे लोंबणारी. पुरुषभर उंच आणि अत्यंत स्पष्ट.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या ओळीतल्या एका मुलाने मान वाकडी केली, मग शेजारच्याने, मग हळूहळू तीसच्या तीस माना एका बाजूला कलल्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

गजराबाईने हातातलं टोपण पदराला पुसलं.

"बाई, तुमच्या घरात कोणी चळवळीत आहे का?"

"नाही, साहेब."

"मग बादशहा उलटे का?"

वही तिच्या हाताशी होती. पहिलं पान उघडून दाखवलं असतं तरी सुटली असती. तिने वही पदराखाली घेतली. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि उजेडाच्या तिरिपीत कागद धरला. पेन्सिल टेकणार एवढ्यात नवल मास्तर पुढे झाले. घाईत ते नेमके भिंगासमोर आले, त्यामुळे बादशहा पडद्यावरून उतरून त्यांच्या कोटावर आले.

"साहेब, ते मी शिकवलं."

"काय शिकवलं?"

"काच सरळ घालायची. बाईने माझं ऐकलं. चूक माझी आहे." त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले. "हा कंदील मी आजपर्यंत पेटलेला पाहिला नव्हता."

"किती वर्षं शिकवता?"

"सात."

"न पेटवता? मग मुलांना दिसायचं काय?"

"दिसतं असं समजून चालत होतो, साहेब."

"सोबतची पुस्तिका कोणी वाचली नाही?"

नवल मास्तरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर आढ्याचं निरीक्षण करत होते. "मला इंग्रजी येत नाही," नवल मास्तर म्हणाले. हे खरंच होतं.

"नाव?"

त्यांनी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. साहेबांनी तिन्ही लिहून घेतली. "उद्यापासून तुम्ही या वर्गाला शिकवायचं नाही. कुठं पाठवायचं ते कळवू. आता प्रकाशातून बाजूला व्हा." मग गजराबाईकडे वळून म्हणाले, "तुमचा पाठ पुढे चालू द्या. मात्र वर्ग बोलता झाला पाहिजे. मुलं बोलली नाहीत तर पाठ झाला असं मी लिहिणार नाही."

गजराबाईने बादशहांना बाहेर काढून कापसात ठेवलं. दुसरी काच घेतली, कोणालाही न विचारता तिचं डोकं खाली केलं आणि आत सरकवली. पडद्यावर समुद्र आला, धक्का आला, धूर सोडणारी आगबोट आली. सगळं सरळ.

"मुलांनो, चित्रात काय दिसतं?"

मुलं गप्प. एवढ्यात बोललेल्या माणसाचं नाव त्यांनी कागदावर जाताना पाहिलं होतं.

"सांगा बरं, काय दिसतं?"

कोणी नाकसुद्धा ओढलं नाही. साहेबांनी घड्याळ उजेडाकडे वळवलं. भिंतीजवळचे उमेदवार आपापल्या पायांकडे बघत होते. गजराबाईचा आवाज तिसऱ्यांदा निघाला तो निम्माच निघाला.

नवल मास्तरांना बाजूला व्हायला सांगितलं होतं, पण बाजूला जागा नव्हती. ते खाली वाकले आणि मुलांच्या तिसऱ्या ओळीत दोन पोरांच्या मधे बसले. गुडघे कडकडले. त्यांनी उजवा हात वर केला.

गजराबाईने तो हात पाहिला. मग ती म्हणाली, "हां. तुम्ही सांगा."

नवल मास्तर उभे राहिले. हाताची घडी घातली. ही काच त्यांनी सात वर्षं खिडकीशी धरून पाहिली होती, तळहाताएवढी. बंदर, धक्का, आगबोट, धूर, हे उत्तर त्यांनी एकशे तेहतीस जणांना लिहून दिलं होतं. तेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. बोटीच्या कठड्याशी काहीतरी होतं. ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बोटना कठडाजोडे एक बाई उभी शे," ते म्हणाले. "ती कोणले तरी हात दखाडी ऱ्हायनी."

डावीकडचा पोरगा न राहवून म्हणाला, "हात नही, गुरुजी. रुमाल शे."

"रुमाल नही, पिशवी शे," मागून कोणीतरी म्हणालं.

"पिशवी उडस का कधी?"

"बाई, मी सांगू?" "बाई, धक्कावर बी एक माणूस शे." "बाई, तो रडी ऱ्हायना." हात वर येऊ लागले, एक, चार, दहा, काहींचे दोन्ही. पडद्याच्या खालच्या कडेला बोटांच्या सावल्या हलू लागल्या.

नवल मास्तरांनी डोळे बारीक करून पाहिलं. रुमालच होता.

"रुमाल बरोबर," गजराबाई म्हणाली. "तुम्ही बसा."

ते बसले. मांडी घातली, कोट गुडघ्यांवरून सारखा केला, आणि पुढच्या चित्राची वाट पाहू लागले.